टोपीवरचा नांगर

आमच्या शाळेला मानचिन्हाचा ताप चढला तो संस्थेचे अध्यक्ष इंग्लंडला जाऊन आल्यावर. अध्यक्ष म्हणजे हापूसचे मोठे व्यापारी, रत्नागिरीत दोन-चार इमारतींचे मालक आणि माईक दिसला की जीभ सैल सुटणारे गृहस्थ. मुलीकडे राहून आले. तिथं कुठल्याशा जुन्या शाळेच्या दारावर त्यांनी ढाल पाहिली, ढालीवर सिंह, सिंहाच्या पंजात तलवार, खाली फीत आणि फितीवर कुणालाही न कळणारी अक्षरं. तेव्हापासून त्यांना आपली शाळा बोडकी दिसू लागली. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, ते मात्र त्यांना इंग्लंडला जाण्याआधीही दिसलं नव्हतं आणि आल्यावरही दिसलं नाही.

मी या शाळेत भूगोल शिकवते. नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. त्यामुळे मी लग्नानंतरही मिरकरवाड्यातच, बंदरालगतच्या मच्छीमारांच्या वाडीत, बाबांच्या घरी राहते. बाबा जन्मभर तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारा, खलाशांना हुकूम देणारा माणूस. आता वय झालं, बोटीवर जात नाहीत. पडवीत बसून लोकांची जाळी विणून देतात. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत, तरी त्यांच्याइतकी सरळ गाठ वाडीत कुणाची बसत नाही, असं ते स्वतःच सांगतात. घरात तिसरी माझी मुलगी. नववीत आहे, आणि शाळेच्या कॅडेट पथकात आहे.

हे पथक शाळेचं स्वतःचं. खाकी कपडे, काळे बूट, निळी टोपी, आणि शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले हवालदार सर. ते साताऱ्याकडचे. माणूस कडक, पण पोरांना ऊन लागलं तर स्वतः उन्हात उभं राहून पोरांना सावलीत पाठवणारा. टोपीवर तोवर काहीच नव्हतं. नुसती निळी टोपी. त्यावाचून कुणाचा पाय चुकत होता असं मी तरी पाहिलं नाही.

पण अध्यक्षांनी सांगितलं, चिन्हाशिवाय पथक म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ. लगेच बोधचिन्ह समिती झाली. समितीत अध्यक्ष, मुख्याध्यापक, अध्यक्षांचा फ्लेक्सचं दुकान असलेला पुतण्या, हवालदार सर आणि मी. मला घेतलं, कारण समितीत एक बाई असावी लागते आणि चहा कुणाला तरी सांगावा लागतो. मुख्याध्यापकांचं काम मान हलवण्याचं. ते त्यांनी आजवर इतकं मन लावून केलंय की झोपेतही त्यांची मान हलत असावी.

पहिल्या सभेत पुतण्यानं भिंतीएवढा फ्लेक्स उलगडला. त्यावर सिंह होता, किल्ला होता, दीपस्तंभ होता, होडी, लाटा, उगवता सूर्य, उघडं पुस्तक, समई, आडव्या-उभ्या तलवारी, बोटीचा नांगर, आणि या सगळ्याच्या भोवती आंब्याची पानं, मध्ये एक आंबा. खाली कोपऱ्यात अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. तो काढायचा राहिला होता, असं पुतण्या म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हवालदार सरांनी खाकरून विचारलं, "साहेब, हे टोपीवर बसायचं कसं?"

आमच्याकडे सगळी कामं अशीच होतात. आधी फ्लेक्स, मग विचार. वाढदिवस असो, बारावं असो, पुलाचं उद्घाटन असो, भिंतीवर मोठं दिसलं की झालं. टोपीवरचा बिल्ला बिस्किटाएवढा असतो, हे पाच शहाण्यांपैकी चौघांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुतण्यानं पुढच्या सभेला ते चित्र लहान करून आणलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मध्ये फणस का काढलायस?" त्यांनी विचारलं.

"काका, तो सिंह आहे," पुतण्या म्हणाला.

मी चहाचा कप तोंडाला लावला म्हणून वाचले.

मग छाटणी सुरू झाली. भरतकाम करून देणाऱ्या कोल्हापूरच्या माणसानं फोनवर सांगितलं की एवढ्याशा जागेत मशीन फार तर तीन गोष्टी काढील. कुठल्या तीन, यावर सभा झाल्या. सगळ्यात आधी पुस्तक गेलं. शाळेच्या चिन्हातून पुस्तक गेलं आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग समई गेली, दीपस्तंभ गेला, किल्ला गेला. सिंहासाठी अध्यक्ष पुष्कळ झगडले, पण दर वेळी तो फणसच दिसे. शेवटी राहिल्या दोन तलवारी, आंब्याची पानं आणि नांगर. आंब्याची पानं अध्यक्षांच्या धंद्यासाठी, तलवारी शौर्यासाठी. शौर्य म्हटलं की आम्हाला तलवारच आठवते, मग ती धरायची कशी हे माहीत नसलं तरी चालतं. आणि नांगर आपल्या समुद्रासाठी.

तो नांगर पुतण्यानं इंटरनेटवरून उतरवला होता. मी तो नीट पाहिला तो त्या दिवशी पहिल्यांदा. नांगराच्या वरच्या कडीतून दोर निघाला होता, दांड्याला वळसे घालत खाली आला होता आणि दाताभोवती छान नागमोडी गुंडाळला होता. दिसायला देखणं. पण असा नांगर आमच्या वाडीत कुणी समुद्रात टाकणार नाही.

ज्यांना समुद्र फक्त सनसेट पॉइंटवरून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. नांगर टाकतात तो त्याचा दात तळात रुतावा म्हणून. दोर कडीला बांधलेला असतो, बोट मागे ओढली गेली की दात खाली घुसतो. पण दोराचा फेरा दातावर पडला, तर ओढ कडीला न बसता दाताला बसते. नांगर उताणा होतो आणि तळावरून नुसता घसरत जातो. बोटीतल्या माणसाला वाटतं आपण उभे आहोत, आणि बोट खडकाकडे चाललेली असते. आमच्या वाडीत नव्या खलाशाला पहिली शिकवण हीच, आणि ती बहुधा पाठीत धपाटा घालून देतात. दोर वेगळा, नांगर वेगळा. नारळी पौर्णिमेला आमच्या घरी नांगराची पूजा होते, तेव्हासुद्धा दोर सोडवून, धुऊन, बाजूला वेटोळं करून ठेवतात आणि मगच नांगराला कुंकू लागतं.

आणखी एक रीत होती बाबांच्या बोटीवर. नांगर टाकला की कुणी जेवायला बसायचं नाही. भात शिजलेला असो, पोटात कावळे कोकलत असोत, तांडेल दोरावर हात ठेवून उभा राहणार, किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर नजर लावून बोट हलते का ते बघणार. खात्री पटली की एकच शब्द म्हणणार, "धरलान." म्हणजे नांगरानं तळ धरला. तो शब्द कानावर पडला की भाताचा टोप उघडायचा.

एकदा तो शब्द आलाच नाही. मी तेव्हा शाळेत शिकत होते, त्यामुळे हे मला बाबांकडून आणि त्यांच्या खलाशांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेलं. वारा अंगावर आला म्हणून त्यांनी मिऱ्याच्या डोंगराच्या अलीकडे नांगर टाकला आणि घाईत दोराचा फेरा दातावर पडला. बोट खडकाकडे घसरू लागली. सगळ्यांनी मिळून नांगर वर ओढला, आणि बाबा नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, पालथे पडून तो फेरा हातानं सोडवू लागले. फेरा सुटला, पण सुटताना बोट उसळली, दोर ताणला आणि दोन बोटं घेऊन गेला. नांगरानं मग तळ धरला. बोट वाचली, माणसं वाचली. त्या दिवशी जेवण कुणी केलं नाही.

हे सगळं काही मी समितीला सांगितलं नाही. माझ्या बापाची बोटं त्या टेबलावर चहा-बिस्किटांच्या शेजारी ठेवायची माझी इच्छा नव्हती. मी एवढंच म्हटलं, "सर, हा नांगर असा नसतो. दोर असा गुंडाळला गेला तर नांगर धरत नाही, बोट वाहून जाते. निदान दोर तरी काढा."

अध्यक्ष हसले. "मॅडम, मोठमोठ्या देशांच्या आरमारांच्या टोप्यांवर हाच नांगर आहे. ते सगळे वेडे आणि तुम्ही शहाण्या?"

"त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्याकडे बंदरावर कुणालाही विचारा."

"अहो, हे प्रतीक आहे. प्रतीकाला असं खाली उतरून बघायचं नसतं. आणि ही शाळा आहे, मासळीचा लिलाव नव्हे."

मुख्याध्यापकांची मान हलली. पुतण्या फिदीफिदी हसला. हवालदार सर टेबलाकडे बघत राहिले. मला इतका संताप आला की भूगोलाच्या तासाला मी त्या दिवशी सह्याद्री चुकीच्या बाजूला काढला आणि पोरांनी तो मुकाट्यानं उतरवून घेतला.

चिन्ह ठरलं. त्याचा फ्लेक्स लागला फाटकावर, प्रत्येक गोष्टीचा अर्थ सांगणारा. निळा रंग म्हणजे विशालता. सोनेरी म्हणजे तेज. तलवारी म्हणजे पराक्रम. पानं म्हणजे समृद्धी. आणि नांगराभोवतीचा दोर म्हणजे परंपरेशी घट्ट नातं. उचलली जीभ लावली टाळ्याला, याहून वेगळं काही मला त्यात दिसेना. वाडीतले बाप मुलांना सोडायला येत, फ्लेक्सकडे बघत, एकमेकांना कोपरानं ढोसत आणि गाडीला किक मारून निघून जात. एकानं मला थांबवून विचारलंच, "बाई, शाळा वाहत चाललीय काय हो?"

मग भरतकामाचे बिल्ले आले. निळ्या कापडावर सोनेरी नांगर, त्यावर पांढरा दोर. खास अध्यक्षांसाठी तोच बिल्ला बशीएवढा, कोटाच्या खिशावर लावायला. त्यांचा हुद्दा काय, हे हवालदार सरांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ज्या आठवड्यात बिल्ले आले, त्याच आठवड्यात सरांनी जाहीर केलं की सव्वीस जानेवारीच्या संचलनात तिरंगा घेऊन सगळ्यांच्या पुढे माझी मुलगी चालेल.

ती घरी आली ती उडतच. दोन वर्षं ती त्यासाठी झटत होती. सकाळी बंदरावर लिलावाचा गलका सुरू व्हायच्या आत ही जेटीवर पाय आपटत असायची, आणि बर्फाच्या गाडीवरचे लोक तिला सलाम ठोकून चिडवायचे. तिनं टोपी घातली, पडवीत जाऊन बाबांसमोर ताठ उभी राहिली आणि कडक सॅल्यूट केला.

बाबांनी जाळ्यातून मान वर केली. आधी हसले. मग त्यांची नजर टोपीवर गेली आणि चेहरा उतरला.

"बाय, ह्यां काय लावलंस गो कपाळावर?"

"शाळेचं चिन्ह आहे, आबा."

"काढ तां."

"आबा, हे लावल्याशिवाय..."

"काढ म्हटलं ना. आडकलेला नांगर पोरीच्या डोक्यावर? मी नाय बघायचा तां."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिनं टोपी काढून आत खुंटीला टांगली. आमचं स्वयंपाकघर आणि मधली खोली एकच, ती खुंटी जेवायच्या जागेसमोरच येते. त्या दिवशी मी पानं घेतली तेव्हा बाबांनी आपली ताटली उचलली आणि पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी टोपी दुसरीकडे ठेवते म्हटलं तर म्हणाले, "घरात तर हाय ना." आणि संचलन बघायला येणार का विचारलं तर नुसता हात हलवला.

माझी मुलगी आजोबांच्या ताटाला ताट लावून जेवलेली. माशाचे काटे तिला त्यांनीच काढून दिले, त्या तीन बोटांनी. आता ती माझ्यासमोर बसून भात चिवडायची आणि पडवीतल्या ताटलीचा आवाज ऐकायची. मला बाबांचा राग येत होता आणि त्यांचं चुकतंय असं म्हणताही येत नव्हतं. रडू येई ते वेगळंच. त्यांच्या हाताची दोन बोटं ज्यात गेली, त्याच गोष्टीचं चित्र काढून त्याला परंपरा म्हणून नाव दिलं होतं, आणि ते त्यांच्या नातीच्या कपाळावर चिकटवलं होतं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. या वेळी बोटांचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अरेरे. पण मॅडम, बिल्ले तर शिवून झाले." मी म्हटलं, एका मुलीला बिल्ल्याशिवाय चालू द्या. ते म्हणाले, अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलंय, बिल्ला नाही तर परेड नाही, आणि त्यातून पुढे चालणारी मुलगी म्हणजे सगळ्यांची नजर तिच्यावरच. मग त्यांनी मला प्रतीकांकडे कसं बघावं यावर थोडं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून मी परत आले.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, मी सरांना सांगते. दुसरी कुणीतरी घेईल तिरंगा."

"का म्हणून?" मी कडाडले. "चूक त्यांची आणि तू का सोडायचंस?"

"मग आबा पडवीत जेवणार?"

मी दोन मुठी तांदूळ उगाचच पुन्हा निवडत बसले.

रविवारी दुपारी, मी कपडे वाळत घालत होते तेव्हा, ती टोपी घेऊन पडवीत गेली. बाबा डोलीचं पिशवीसारखं जाळं मांडीवर घेऊन बसले होते, त्याचं मोठं भोक जोडत. तिनं टोपी सरळ त्या जाळ्यावर ठेवली.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही खरा सोडवलात ना? मग हा पण सोडवा."

मी दोरीपाशी तशीच उभी राहिले, ओला टॉवेल हातात. बाबांनी आधी विणायची सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग त्यांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटी करून आतून पाहिली, पुन्हा सुलटी केली. जाळ्याचे धागे कापायची त्यांची एक लहान धारदार सुरी आहे. तिच्या टोकानं त्यांनी पांढऱ्या दोराचा एक टाका उचलला. मग दुसरा. टाके कोल्हापूरच्या मशीननं घातलेले, घट्ट आणि बारीक. मुलगी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. मध्येच ते पुटपुटले, "दोरा चांगला वापरलाय मेल्यांनी." पांढऱ्या धाग्यांचे तुकडे जाळ्यावर पडत गेले.

"अगो बघ," ते अचानक म्हणाले. "खाली नांगर आख्खा हाय."

मीही जाऊन पाहिलं. खरंच होतं. भरतकाम करणाऱ्यानं आधी सगळा नांगर सोनेरी धाग्यानं पुरा काढला होता आणि मग दोर त्याच्यावरून चढवला होता. दोर गेला तरी नांगराला कुठं खोट नव्हती. दातांवर बारीक भोकं तेवढी दिसत होती, ती बाबांनी अंगठ्यानं घासून बुजवली.

पोरीनं टोपी घातली. बाबांनी पाहिलं, मान डोलावली, आणि तुकडे गोळा करून पडवीबाहेर झटकले.

वाडीत गोष्ट लपत नाही. दुसऱ्या दिवसापासून पथकातली वाडीतली सगळी पोरं टोप्या घेऊन आमच्या पडवीत येऊ लागली. कुणाचा बाप बोटीवर, कुणाची आई लिलावात. बाबा एकेक टोपी घेत, दोर सोडवत, परत देत. एकाची आई टोपीबरोबर बांगडा माशांचा वाटा घेऊन आली. "आमच्या घरात पण कुनी जेवत नव्हतं धड," ती म्हणाली. मला वाटलं होतं, हे वेड आमच्याच घरात आहे.

पण बाबा अजून पडवीतच जेवत होते. मी विचारलं, "आता काय झालं? सोडवलात ना?"

"सोडवला," ते म्हणाले. "आजून टाकलेला नाय."

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेच्या मैदानावर हवालदार सर टोप्या तपासत रांगेतून चालले होते. मी शिक्षकांच्या रांगेत, अगदी जवळ. माझ्या मुलीसमोर ते थांबले. टोपीकडे बघितलं. बिल्ल्यावरून बोट फिरवलं. पुढच्या मुलाची टोपी बघितली, त्याच्या पुढची बघितली, आणि परत तिच्यासमोर आले. आता तिरंगा दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि तोही सगळ्या गावासमोर.

"हे काय केलंय?" त्यांनी हळू विचारलं.

"सर, नांगर अडकला होता. सोडवला."

हवालदार सरांनी एकवार सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "टोपी डावीकडं झुकलीया. सरळ कर." आणि पुढे गेले. माणूस किती शिकला आहे याच्याशी त्याच्या अकलेचा संबंध नसतो, हे मला ठाऊक होतं. तो कुणाचे हुकूम पाळतो याच्याशीही नसतो, हे त्या दिवशी पाहिलं.

संचलन झालं. माझी लेक पुढे, तिरंगा ताठ, पाय जमिनीला बरोबर टेकत. मग अध्यक्ष बोलायला उठले. कोटावर बशीएवढा बिल्ला, दोर सगळे वळसे घेऊन शाबूत. पहिली दहा वाक्यं त्यांची स्वतःबद्दल होती, नंतरची इंग्लंडबद्दल. मग ते चिन्हावर आले.

"या मुलांच्या मस्तकावर बघा," ते म्हणाले आणि समोरच्या रांगेकडे हात केला. "नांगराला घट्ट मिठी मारलेला हा दोर बघा! हाच दोर या मुलांना आयुष्यभर धरून ठेवणार आहे!"

समोरच्या रांगेत वाडीतली पोरं होती. एकाच्याही कपाळावर दोर नव्हता. अध्यक्षांनी बघितलं, पुतण्यानं मोबाइलवर फोटो काढले, मुख्याध्यापकांची मान हलली. कुणालाही काही दिसलं नाही. दोन महिने ज्याच्यावर सभा झाल्या, ज्याच्यासाठी माझं तोंड बंद केलं गेलं, ते चिन्ह त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मागच्या खुर्च्यांवरून वाडीतल्या बायका हसल्या. अध्यक्षांना वाटलं दाद मिळाली, त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं.

नंतर ते खाली उतरून मुलीला शाबासकी द्यायला आले. तिच्या टोपीपासून त्यांचं नाक हातभर अंतरावर होतं.

"दोराचा अर्थ समजला ना, बाळ?"

"समजला सर."

"शाब्बास!" म्हणून ते फोटोसाठी वळले.

बाबा आले होते. कुणाला न सांगता आले होते, धुतलेला सदरा घालून मैदानाच्या कडेला वडाच्या पाराशी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नव्हते, असं मला नंतर शिपायानं सांगितलं. भाषण चाललं असताना सगळ्यांची तोंडं मंचाकडे होती. बाबांचं नव्हतं. ते नातीच्या टोपीकडे बघत होते, न हलता, तसेच, जसे बोटीवर दोरावर हात ठेवून झाडाकडे बघत.

घरी येताना बाबा पुढे चालत होते. मुलगी बोलत होती, कोण चुकलं, कुणाचा बूट निसटला. घरी आल्यावर तिनं टोपी काढून त्याच खुंटीला टांगली. मी सवयीनं बाबांची ताटली पडवीत न्यायला उचलली.

ते दारातून आत आले, खुंटीखाली पाट ओढला आणि बसले.

"धरलान," ते म्हणाले. "वाढ आता."